मार्फत: हेमंतभाऊ

सुनंदावहिनी, मुर्रीवरून आलेले भाऊंच्या घरचे सगळे, आणि गावागावातल्या संस्थांमधून आलेले माझे ताई-दादा हो,

खुर्च्या कमी पडल्या. व्हरांड्यात लोक उभे आहेत, दिसून राहिले मला. फुलचूरच्या या हॉलमध्ये आपल्या किती बैठका झाल्या, पण एवढी माणसं मी इथं कधी पाहिली नाही. भाऊंनी बोलावलं तेव्हा यातले अर्धे आले असते तरी चाललं असतं. माफ करा. असं बोलायचं नव्हतं मला. पण आता निघून गेलं तोंडातून, तर राहू द्या.

मी शालू. नागझिऱ्याच्या कडेच्या गावांत सिकलसेलच्या पेशंटसोबत आमची छोटीशी संस्था काम करते, तिथली मी. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी दोनदा नाही म्हटलं. हेमंतभाऊंना जाऊन आठ दिवस झाले आणि आठ दिवसांत माझं एक वाक्य धड पुरं झालं नाही. कागदावर लिहून आणलं होतं. तो कागद पर्समध्येच राहू देते. जसं येईल तसं बोलते, सांभाळून घ्या.

बऱ्याच जणांना भाऊ 'कंप्युटरवाले' म्हणूनच माहीत आहेत. प्रिंटर बिघडला, बोलवा भाऊंना. आमच्याकडेही ते प्रिंटर पाहायलाच आले होते. नागपूरची कंपनीतली नोकरी सोडून, वडिलांच्या आजारपणात मुर्रीला आलेले. प्रिंटर दोन मिनिटांत झाला. मग त्यांचं लक्ष आमच्या टेबलावरच्या रजिस्टरांकडे गेलं. चार रजिस्टर होते. एकात पेशंट, एकात रक्त देणारे, एकात आशाताया, आणि चौथ्यात जे कुठंच बसत नव्हते ते. एकच बाई चारही रजिस्टरांत, चार वेगळ्या नंबरांनी.

भाऊ म्हणे, "शालू, यातलं खरं कोणतं वो?"

मी म्हटलं, "चारही थोडे थोडे."

ते हसले नाही. चारही रजिस्टर घेऊन खाली सतरंजीवर बसले आणि संध्याकाळपर्यंत वाचत राहिले. तिथून हे सुरू झालं.

ते बनवून राहिले होते ते काय, हे मला तेव्हा समजलं नव्हतं. संस्थेजवळ माणसं असतात, म्हणे, पण त्या माणसांपर्यंत पोचायची रीत एखाद्याच्या डोक्यात असते. तो एक जण नोकरी सोडून गेला की संस्था आंधळी. म्हणून कोणालाही वापरता येईल असं सॉफ्टवेअर पाहिजे. कोणाचं नाव, कोणतं गाव, कोणाला काय लागते, मागच्या वेळी कोण भेटलं, काय बोलणं झालं. एवढंच. एवढंच करायला त्यांना वर्षं लागली.

आणि पहिला जो प्रयोग केला, तो सपशेल आपटला. सांगू का तो? हसलात तरी चालेल. भाऊ स्वतः खूप हसायचे.

त्यांनी धरलं होतं की एक नंबर म्हणजे एक माणूस. नागपुरात तसंच असते. आमच्या एका टोल्यावर, गावाबाहेरच्या छोट्या वस्तीवर, तेव्हा एकच फोन होता, किराणा दुकानदाराचा. आम्ही टोल्यातल्या सगळ्यांपुढं तोच नंबर टाकला. सिस्टीमला वाटलं, एकच माणूस आम्ही पुन्हा पुन्हा टाकून राहिलो. तिनं सगळ्यांना मिळवून एक करून टाकलं. सासू, सून, नातू, जावई, सगळे एकाच नावात गेले. तपासणीच्या शिबिराला अख्ख्या टोल्यातून एकटी म्हातारी आली. म्हणे, "मलेच बलावलं जी. बाकीचे म्हणत, आमचं नाव नाही, तूच जा."

आम्ही पोट धरून हसलो. भाऊ दुसऱ्या दिवशी त्या टोल्यावर गेले आणि घरोघरी जाऊन माफी मागितली. माझ्यासमोर. एका घरात त्या माणसाला कळतच नव्हतं की हा माफी कायची मागून राहिला. भाऊ म्हणे, "तुमचं नाव माह्या हातानं पुसल्या गेलं."

त्यानंतर त्यांनी 'मार्फत'चा रकाना आणला. आपल्याकडे पत्रावर लिहितात तसा. माणूस कोण, आणि त्याला निरोप कोणाच्या मार्फत पोचतो. दुकानदाराच्या मार्फत. शाळेतल्या मॅडमच्या मार्फत. इंदूबाईच्या मार्फत. नंबर माणसाचा नसते, म्हणे, नंबर रस्त्याचा असते. सॉफ्टवेअरचं नावही मग तेच पडलं. मार्फत.

आणि ते सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. आतलं लिहिणंसुद्धा खुलं. कोणीही घ्या, वाचा, बदला, पुढं द्या. मी भांडली होती त्यांच्याशी त्यावरून. मला वाटलं, आमच्या पेशंटची नावं जगजाहीर करून राहिले. मी म्हटलं, "काऊन जी, उद्या आमच्या पोट्टीचं लग्न मोडलं तर तुम्ही करून देणार का?"

त्यांनी मला समोर बसवून समजावलं. नावं ज्याची त्याच्याजवळ. त्याला कुलूप, आणि कुलूप पक्कं. खुली आहे ती फक्त नावं ठेवायची रीत. आपण टोल्यावर जी चूक केली ती दुसऱ्या कोण्या डोंगरातल्या संस्थेनं पुन्हा पहिल्यापासून कायले करायची? त्यांना आपली रीत भेटू दे, आपल्याला त्यांची भेटू दे. आणि खरंच, कुठल्या कुठल्या डोंगरांतून लोक लिहायला लागले. आमच्याकडेही एका नंबरावर अख्खी वस्ती आहे म्हणून. कोणी त्यांच्या भाषेत केलं. भाऊ ती पत्रं इंदूबाईंना वाचून दाखवत.

इंदूबाई इथं समोर बसल्या आहेत. आमच्या भागातल्या आशाताई. नवीन काही तयार झालं की ते लोकांसाठी सोडायच्या आधी भाऊ मोटारसायकलनं इंदूबाईंकडे जायचे आणि यांच्या हातात यांचाच फोन द्यायचे, काच फुटलेला. बाजूला बसायचे. बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही. इंदूबाई कुठं अडल्या, की झालं, ते वापस न्यायचं. एकदा सगळं तयार होतं, बाहेरच्या लोकांना तारीख कळवली होती, आणि इंदूबाई एका बटनावर अडल्या. भाऊंनी सगळ्यांना कळवलं, थांबा. मी चिडली. म्हटलं, एका बाईसाठी? तर म्हणे, "तिले नाही समजलं म्हणजे मले नाही जमलं."

आता पुढचं सांगते. ते सांगायलाच मी उभी आहे.

'मार्फत'चा रकाना भाऊंनी सक्तीचा केला होता. तो भरल्याशिवाय फॉर्म पुढं सरकत नाही. हेतू चांगला होता. माणूस टाकला आणि रस्ता नाही टाकला, असं होऊ नये. पण आपण काय केलं? तुम्ही काय केलं, आम्ही काय केलं? ऑफिसात बसून नावं भरताना कोणाला माहीत असते की अमुक गावातल्या तमुक बाईला निरोप कोण देते? त्यासाठी गावात जा, विचारा, बसा. कोणाला सवड होती? मग फॉर्म अडला की आपण टाकलं: हेमंत. भाऊंचं नाव सगळ्यांनाच माहीत, नंबरही पाठ. एक नाव टाकलं, फॉर्म पुढं गेला. दुसरं टाकलं, गेला. मग सवयच झाली. या हॉलमध्ये असं न केलेली एकही संस्था नसेल. असेल तर हात वर करा. मी वाट पाहते.

नाही ना.

आणि भाऊंनी काय करावं? दुसरा कोणी असता तर रागावून फोन केला असता की हे काय कचरा भरून राहिले. भाऊंनीही एकदा-दोनदा म्हटलं. मग म्हणणं सोडलं. त्यांना निरोप यायचा, अमक्या गावच्या अमक्याला सांगा. ते निघायचे. माणूस शोधायचे. निरोप द्यायचे. आपण खोटं लिहिलं होतं, ते त्यांनी जाऊन जाऊन खरं केलं. वहिनी, तुम्हाला वाटत असेल ते कामासाठी फिरून राहिले. ते काम नव्हतं वहिनी. तो आमचा आळस होता.

ते शिकवायला तयार होते. याच हॉलमध्ये त्यांनी वर्ग ठेवला. दर शनिवारी. म्हणे, "कोणी तरी दोघं शिका. माह्या एकट्याच्या डोस्क्यात नोको हे." पहिल्या शनिवारी दहा-बारा जण होते. मग पाच. मग चहापुरते तिघं. मी दोन शनिवार गेली. तिसऱ्या शनिवारी त्यांचा फोन आला, येतेस का वो. मी म्हटलं, "मला नाही समजत भाऊ ते. आणि तुम्ही आहात ना."

तुम्ही आहात ना. किती वेळा म्हटलं असेल मी हे. सिस्टीम अडली, तुम्ही आहात ना. नावं दोनदा आली, तुम्ही आहात ना. त्यांचे आतले सगळे कागद जगासाठी उघडे होते, कोणीही वाचावे म्हणून, आणि ज्यांच्यासाठी बनवलं त्या आपल्यातल्या एकानंही ते उघडून पाहिले नाही. आपण सभांमध्ये अभिमानानं सांगत होतो की आमच्या गोंदियाचं सॉफ्टवेअर आहे. काय सांगत होतो आपण?

आता त्या दिवसाचं. मला हे सांगितल्याशिवाय खाली बसता येणार नाही.

तेंदूपत्त्याचे, बिडीच्या पानांच्या तोडणीचे दिवस. आमची रोशनी घरच्यांसोबत जंगलात पत्ता तोडायला गेली होती. तिचा तपासणीचा कागद सकाळी दवाखान्यातून आला. रक्त एकदम कमी. डॉक्टर म्हणे, आजच्या आज आणा, रक्ताची सोय झाली आहे. मी सिस्टीम उघडली. रोशनी, गाव, घरचे, आणि मार्फत हेमंत. कोणी टाकलं होतं ते? मी. मीच टाकलं होतं. घाईत होती म्हणून.

बटन दाबलं. निरोप गेला. लगेच भाऊंचा फोन. "शालू, आज पाठ भरून आली आहे वो. खांदाही दुखून राहिला सकाळपासून."

मी म्हटलं, "भाऊ, दवाखान्यात दाखवा." आणि त्याच दमात म्हटलं, "पण मग रोशनीचं काय करू?"

मग म्हणे, "जातो ना. वापस येतानी दाखवतो."

मी 'नका जाऊ' म्हटलं नाही. मला म्हणता आलं असतं. इंदूबाईंना फोन करता आला असता, वनरक्षकाला करता आला असता, मी स्वतः निघू शकत होती. मी म्हटलं, "बरं भाऊ, पोचले की कळवा."

त्यांनी कळवलं. "भेटली. निघाली." दोन शब्द. रोशनी दवाखान्यात पोचली, तिला रक्त भेटलं. ती आज आली आहे. बेटा, तू मान खाली घालू नको. तुझा यात काहीच दोष नाही. मी हे सगळ्यांसमोर म्हणून राहिली, म्हणजे तुला पुन्हा कोणी काही बोलणार नाही.

भाऊ येताना रस्त्यावरच्या एका टपरीवर थांबले. पाणी मागितलं. बाकावर बसले आणि तिथंच पडले. लोक धावले, गाडी केली, दवाखान्यात नेलं. तिथं विचारलं, यांचं कोण? कोणाला माहीत? फोनला कुलूप. बॅगेवर आमच्या संस्थेचं नाव होतं म्हणून टपरीवाल्यानं नंबर शोधून मला फोन लावला. म्हणे, "ताई, इनके घर में कोई है क्या? जल्दी बताओ." त्याच्या आवाजावरून मला समजलं.

मला वहिनींना कळवायचं होतं. माझ्याजवळ वहिनींचा नंबर नव्हता. इतक्या वर्षांत मी घेतला नाही. त्यांच्या घरी जेवली आहे मी, आणि नंबर नाही. मी सिस्टीम उघडली आणि भाऊंचं नाव काढलं. तिथं भाऊंनी स्वतःच्या हातानं भरलं होतं: मार्फत, हेमंत.

मी ऑफिसातून तशीच मुर्रीला गेली. ऑटोनं. वहिनी अंगणात गहू निवडत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "ये वो, ते घरी नाहीत, कामाले गेले." बाकीचं मी नाही सांगू शकत.

काल आमच्या ऑफिसात मी भाऊंची नोंद बदलायला बसली. कोणी गेलं की नावापुढं तसं लिहावं लागते, नाहीतर त्यांना निरोप जात राहतात. मी 'मृत' निवडलं. सिस्टीमनं नाही म्हटलं. पडद्यावर आलं: या व्यक्तीच्या मार्फत इतर माणसं आहेत. आधी त्या प्रत्येकासाठी दुसरी व्यक्ती निवडा. आणि खाली यादी. गावामागं गाव. मी खाली खाली जात राहिली, यादी संपेना. भाऊंनीच तो नियम लिहिला होता. एक दुकानदार वारला आणि त्याच्या मागच्या घरांना कोणीच निरोप दिला नाही, तेव्हा.

माझ्या बाजूला बसलेली आमचीच एक कार्यकर्ती म्हणाली, "ताई, सगळ्यांपुढं माझं नाव टाकून द्या, पुढं जाईल ते." चांगल्या मनानं म्हणाली. मी तिच्यावर एवढ्या जोरानं ओरडली की शेजारच्या दुकानातले लोक पाहायला आले. मग आम्ही दोघी रडत बसलो. तिला आज मी सगळ्यांसमोर सॉरी म्हणते.

ती यादी तशीच आहे. भाऊंचं नाव तसंच आहे. नवीन जे अर्धं बनवून ठेवलं होतं ते अर्धंच आहे. दोन दिवसांपासून काही गावांना एकच निरोप दोनदा जाऊन राहिला, का जाऊन राहिला ते कोणालाच माहीत नाही. बाहेरच्या लोकांची पत्रं येऊन राहिली की पुढचं कधी सोडता. त्यांना काय लिहू? मला कोणी तरी सांगा. तुम्ही म्हणाल, शालूताई, धीर धरा, भाऊंचं काम पुढं नेऊ. नका म्हणू. आज तरी नका म्हणू. मला नाही वाटत आपल्याकडून होईल. आपण शनिवारी एक तास बसलो नाही. मला खरंच नाही वाटत. आणि जंगलाच्या कडेच्या गावात कोणी तरी वाट पाहत असेल की निरोप आला नाही म्हणजे सगळं ठीकच आहे.

वहिनींनी भाऊंचा फोन माझ्याजवळ दिला. म्हणाल्या, "तू ठेव वो. तो वाजते तं मले घरात बसवत नाही." आठ दिवस तो वाजून राहिला. ज्यांना अजून समजलं नाही असे लोक. आज सकाळी एका म्हाताऱ्याचा आला. "हेमंतभाऊ आहेत का जी? मह्या नातवाच्या तपासणीची तारीख कोणती होती?" मी काय म्हटलं माहीत आहे? मी म्हटलं, "बाहेर गेले आहेत, बाबा." आणि ठेवून दिला. नातवाचं नाव विचारलं नाही. गाव विचारलं नाही. माझ्या फोनवरून नंबर वापस लावला तर तो भलत्याच माणसाचा निघाला. तो म्हणे, कोणी तरी रस्त्यात मागून लावला होता.

मला भाऊंनी एवढी वर्षं शिकवलं आणि मी हे केलं.

आता आपण दोन मिनिटं शांत उभे राहू. शांततेच्या आधी मोबाईल बंद करायला सांगतात. तुमचे बंद करा. हा भाऊंचा फोन मी इथं टेबलावर ठेवून राहिली, चालू. तो दोन मिनिटांत वाजला तर वाजू देऊ नका. जो जवळ असेल त्यानं उचला. माझ्याकडे पाहू नका. भाऊ नाहीत, हे खरं खरं सांगा. मग फोन ठेवायच्या आधी त्याचं नाव विचारा, गाव विचारा, आणि तुमचं स्वतःचं नाव त्याला सांगा.

उभे राहा.